गाडीत तिसरं कोणी नाही

रविवार, २ मार्च

गाडी घेतली. जुनीच, पण माझ्यासाठी नवी कोरी. राखाडी रंग, मागच्या सीटवर बाबांना पाय पसरून बसता येईल एवढी ऐसपैस.

विकणाऱ्याचं नाव मी मनातल्या मनात गोडबोल्या ठेवलंय. "ताई, बहिणीला फसवून मी कुठल्या तोंडाने घरी जाऊ?" हे वाक्य त्याने येता-जाता ऐकवलं. मी काही हलक्या कानाची नाही. इतकी वर्षं लोकांच्या कानांना मशीन बसवते आहे. कोण खरंच ऐकतंय आणि कोण नुसतीच मान डोलावतंय हे मला बसल्या जागी कळतं. म्हटलं, गोड बोलणं पुरे, बॉनेट उघडा. डोळे मिटून इंजिन ऐकलं. स्वच्छ. मग भाव पाडला. दुसरी किल्ली आधीच्या मालकाने हरवली म्हणे, आणि गाडी माझ्या नावावर व्हायला थोडे दिवस लागतील म्हणे. एवढं चालायचंच.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन मशीन बसवून द्यायची. उरलेले दिवस नेहमीचा दवाखाना. तो चालत जाण्याइतका जवळ आहे, तेव्हा गाडी इमारतीमागे उभी राहील. फेरीला बाबांना बरोबर नेणार. आई गेल्यापासून ते दिवसभर भिंतींशी बोलतात. भाऊ फोनवर त्याच त्या 'चांगल्या सोयी'बद्दल सांगतो, जिथे म्हाताऱ्यांची काळजी घेतात. त्याला सांगितलं, मी धडधाकट असेपर्यंत बाबा माझ्याजवळ राहतील. विषय संपला.

बाबांनी जन्मभर बस चालवली. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले, मग नजर अधू झाली, आणि एक दिवस मीच त्यांचं लायसन्स कपाटात ठेवून दिलं. आज ते गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "चाक हातात देणार नसलीस तरी गिअर कसा टाकायचा ते सांगणार. चालेल?" चालेल म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च

पहिली फेरी. तीन घरं. एका आजोबांना मशीन लावल्यावर बायकोचा आवाज ऐकू आला आणि ते म्हणाले, "काढा, पहिलं बरं होतं." हसून पुरेवाट झाली.

परत येताना बाबा मधेच म्हणाले, "तुझ्या गाडीत कोण आहे?"

"तुम्ही आणि मी."

"आणि खाली कोण बोलतंय?"

त्यांना सीटखालून आवाज येत होता. टुर्र, टुर्र, टुर्र, मग गप्प, मग परत. जवळ मोबाइल असला की जुनं मशीन असंच घुरघुरतं, हे मी रोज लोकांना समजावून सांगते. बाबांचं मशीन तर जुनाट. आईने निवडलेलं, म्हणून बदलू देत नाहीत. मी गाडी बाजूला घेतली, माझा फोन बंद केला. बाबांकडे फोन नाहीच.

"आता?"

"बोलतोय अजून."

गाडीत फोन नाही म्हणजे आवाजही नाही. सरळ हिशोब आहे. तरी बाबा मान कलती करून ऐकत राहिले, आणि मला उगाचच मागे वळून बघावंसं वाटलं.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी त्यांचं मशीन दवाखान्यात नेऊन तपासलं. शांत खोलीत नळी लावून स्वतःच्या कानाने ऐकलं. कुठे खरखर नाही. मशीन ठणठणीत आहे, म्हणजे बिघाड मशीनमध्ये नाही. मग कुठे आहे, हे मला लिहायचं नाही.

दुपारी फेरीत बाबा खाली वाकून म्हणाले, "हो रे बाबा, इथेच आहोत, कुठे पळून जातोय?"

"कोणाशी बोलताय?"

"तो सारखा विचारतोय ना. कोणीतरी उत्तर नको द्यायला?"

चेष्टेत म्हणाले. निदान मी तरी तसं धरून चालले आहे.

शनिवार, ८ मार्च

गाडीत बसले आणि माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट मागे सरकवलेली, आरसा वर केलेला, आणि आत एक गोडसर वास, अगदी लग्नघरी शिंपडतात तसा. गुरुवारी संध्याकाळी मी गाडी लावली तेव्हा यातलं काही नव्हतं. काल मी दवाखान्यात होते, बाबा घरी, आणि किल्ली दारामागच्या खिळ्याला.

"बाबा, काल गाडीत बसला होतात?"

"नाही."

"रागावत नाही मी. बसला असाल तर सांगा."

"अगं, नाही म्हटलं ना." मग वास घेऊन म्हणाले, "हे कोणाचं अत्तर? आपल्याकडे पाहुणा आला आणि चहासुद्धा न घेता गेला?"

मला हसू आलं नाही. बाबा उंच आहेत. सीट त्यांच्याच मापाने मागे गेली होती.

मंगळवार, ११ मार्च

आज जे झालं ते अजून मनातून जात नाही.

औषधांच्या दुकानासमोर गाडी लावून, बाबांना आत बसवून मी खाली उतरले होते. परत येते तो एक तरुण जोडपं गाडीभोवती फिरत होतं. बाईला दिवस गेलेले. नवरा मागचं दार थोपटून म्हणत होता, "हे दार जरा जोरात ओढावं लागतं." खरंच ओढावं लागतं. मी म्हटलं, काय हवंय? बाई इतकं प्रेमाने हसली. "तुम्हीच का ताई? आमची गाडी तुम्ही वापरताय होय अजून? वापरा हो, आम्हाला पुढच्या महिन्यात मिळाली तरी चालेल. समोरचा कप्पा तेवढा दुरुस्त करून द्यायला सांगा, अडकतो तो."

तो कप्पा आतून अडकतो. बाहेरून कोणाला कसं कळणार?

मी म्हटलं, तुमची काहीतरी गल्लत होतेय, ही माझी गाडी आहे. नवऱ्याने नंबर पुन्हा वाचला आणि बायकोला ओढतच नेलं. ती वळून वळून बघत होती, वेड्या माणसाकडे बघावं तशी.

बाबा म्हणाले, "काय म्हणत होती पोरगी?" काही नाही, म्हटलं. राखाडी गाड्या रस्त्याला पैशाला पासरी आहेत, आणि सगळ्यांचेच कप्पे कधी ना कधी अडकतात.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी जिन्यात तळमजल्यावरच्या बाई भेटल्या. "बाबा परत गाडी चालवायला लागले वाटतं! दुपारी गेले ना भर्रकन. टोपीवरून ओळखलं."

मी भराभर जिना चढले. वर आले तर बाबा खिडकीशी, टोपी खुंटीला.

"दुपारी कुठे गेला होतात?"

"न्हाणीघरापर्यंत," म्हणाले.

शुक्रवार, १४ मार्च

आजपासून किल्ली माझ्या पर्समध्ये. दवाखान्यात मधूनमधून पर्समध्ये हात घालून बघते. आहे.

भावाला फोन केला. मी, आपण होऊन. बाबा गाडी नेतात आणि विसरतात, हे त्याला सांगताना चहाडी केल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, कोणाला उडवलं तर काय करशील? खरंच काय करीन?

गोडबोल्यालाही फोन लावला, कागदांचं विचारायला. "होतंय ताई, रांगेत आहे. गाडी कशी चाललीय? रोज काढता की नाही? दवाखान्याच्या दिवशी उभीच असते ना, बॅटरी उतरेल हं." किती बारीक लक्ष असतं एकेका माणसाचं. गिऱ्हाईक एकदा गेलं की ओळखसुद्धा न दाखवणारे विक्रेते पाहिलेत मी.

शनिवार, १५ मार्च

गाडी उलटी उभी होती. मी नेहमी तोंड भिंतीकडे करून लावते. आज तोंड रस्त्याकडे. पेट्रोलचा काटा खाली आलेला.

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. काल अख्खा दिवस.

पर्स उघडून पुन्हा एकदा बघितली. मग डोक्यात प्रकाश पडला. ती हरवलेली दुसरी किल्ली! गाडीत कुठल्यातरी फटीत असणार आणि बाबांना सापडली असणार. फेरी रद्द केली आणि त्यांचं कपाट उपसलं. खिसे, उशीचा अभ्रा, आईच्या साड्यांची घडी, सगळं. बाबा पलंगावर बसून बघत होते. मी त्यांच्या सदऱ्याचा खिसा चाचपायला गेले तेव्हा त्यांनी आपणच हात वर केले, झडती देतात तसे.

"सापडली तर मलाही दाखव," म्हणाले. "बघू तरी कशी दिसते."

नाही सापडली. लपवायला माणूस किती चलाख होतो, या आजारात.

आजार. लिहिलं शेवटी.

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. तिथे बाबांनी उत्तरं झकास दिली, उलट डॉक्टरांनाच विचारलं की तुम्ही गाडी कोणत्या गिअरमध्ये चढावर घेता. मी मात्र सगळं सांगितलं. सीटखालचे आवाज, त्याला उत्तरं देणं, गाडी नेणं, किल्ली लपवणं, ठाम नाकारणं. डॉक्टर माझ्याकडे बघून मान हलवत होते आणि बाबा माझ्या तोंडाकडे. ऐकू सगळं येत होतं त्यांना. मशीन मीच नीट लावलं होतं.

गोळ्या दिल्या आहेत. झोप जास्त येईल म्हणाले.

गुरुवार, २० मार्च

मशीनमध्ये एक सोय असते, फोन नीट ऐकू यावा म्हणून. ती चालू असली की असली घुरघुर जास्त पकडली जाते. आज ती बंद करून टाकली. बाकी आवाजही एक पायरी खाली आणले.

गाडीत बसल्यावर बाबा बराच वेळ कान देऊन होते. मग म्हणाले, "गप्प झाला."

"बघा. नव्हतंच कोणी."

"बरं झालं." थोड्या वेळाने, "पण बिचारा बोलतच असेल ना अजून? आपल्याला ऐकू येत नाही एवढंच."

मी रेडिओ लावला. तो आपोआप अशा स्टेशनवर लागला जे मी आयुष्यात कधी लावलेलं नाही.

शनिवार, २२ मार्च

मागच्या सीटवर लहान मुलाचा मोजा. पिवळा, एकच, अजून पायाचा आकार धरून असलेला. हातात घेतला आणि सोडून दिला. बाबांनी काल कोणाचं मूल गाडीत बसवलं होतं? कुठे नेलं होतं त्याला? आणि ते मूल आता कुठे आहे?

वर आले, मोजा त्यांच्यासमोर धरला आणि ओरडले. इतकी वर्षं हळू आवाजात बोलायचा धंदा माझा, आज शेजारीपाजारी जमा होतील इतकी ओरडले. गोळीच्या गुंगीत होते ते. मोज्याकडे बघत राहिले.

"असेल," म्हणाले. "मीच केलं असेल."

पहिल्यांदा कबूल झाले. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनावरचं ओझं उतरलं. निदान आता दोघं एका बाजूला आहोत. रस्त्यावरच्या दोन-तीन घरांत विचारून आले, कोणाचं मूल हरवलेलं नाही.

सोमवार, २४ मार्च

दवाखान्यात जाताना बाहेरून कुलूप लावलं. त्यांना सांगून लावलं. "लाव," म्हणाले, "बसचं पण दार लावावंच लागतं, नाहीतर माणसं पडतात."

परत आले तेव्हा गाडी जशीच्या तशी. सीट, आरसा, काटा, सगळं.

बुधवार, २६ मार्च

कुलूप. गाडी जागची हललेली नाही.

म्हणजे झालं. यापुढे शंकेला जागा नाही. रात्रंदिवस कुलपात ठेवण्यापेक्षा ती सोयच बरी, तिथे बाग तरी आहे. भावाला होकार कळवला. एक तारखेला न्यायचं. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिथे गाडी नेता येणार नाही ना मला? मग ठीक आहे. कोणाला काही व्हायला नको."

आणि स्वतःच बॅग काढून बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

शुक्रवार, २८ मार्च

गाडी नाही.

दवाखान्यातून आले, इमारतीमागे नुसती जमीन. तेलाचा एक डाग. मी त्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिले, जसं काही तिथे उभं राहिल्यावर दिसेल.

मग जिना चढले. दाराला कुलूप होतं. मीच लावलेलं. उघडलं. बाबा पलंगावर, पांघरूण गळ्यापर्यंत, तोंड उघडं टाकून झोपलेले. चपला खाटेखाली. टोपी खुंटीला.

मी दारातच खाली बसले. इतके दिवस वाटत होतं की बाबांच्या अंगात दुसरंच कोणीतरी शिरलंय. ते कोणीतरी बाबा नव्हतेच, आणि होतं मात्र खरं. माझ्या सीटवर बसत होतं, माझ्या आरशात बघत होतं, आणि आम्ही कधी घरी असतो ते त्याला ठाऊक होतं.

शनिवार, २९ मार्च

पोलीस चौकीत बाकावर ते जोडपं बसलेलं. ती पोटुशी पोरगी मला बघून उठली आणि तिने मला जागा दिली. आणखी एक माणूस होता, कडेवर मूल. आम्हा तिन्ही घरांना तीच गाडी विकलेली, तिन्ही घरांचे पैसे अडकलेले.

चौकीतल्या अधिकारी बाई सांगत होत्या, चहा पीत, रोजचंच असल्यासारखं. हे लोक एक चांगली गाडी ठेवतात. ती विकतात, दुसरी किल्ली हरवली म्हणून स्वतःकडे ठेवतात. मागच्या सीटखाली एक डबी चिकटवतात, काडेपेटीएवढी. आत मोबाइलचं कार्ड. गाडी कुठे आहे, चालतेय की उभी आहे, हे ती त्यांच्या फोनला कळवत राहते. कागद नावावर करत नाहीत. घेणाऱ्याचे दिवस पाठ झाले की टोपीवाला ड्रायव्हर येऊन गाडी नेतो, दुसऱ्या गिऱ्हाइकांना फिरवून दाखवतो, परत आणून लावतो. पुरेसे बकरे जमले की गाडीही जाते आणि तेही जातात.

"या आठवड्यात सोमवारी आणि बुधवारी आलीच नाही गाडी," मूलवाला माणूस म्हणाला. "म्हणाले, सर्व्हिसिंगला आहे."

"त्या डबीचा काही आवाज येतो?" मी विचारलं.

"छे. कोणालाच ऐकू येत नाही ती," बाई म्हणाल्या.

गोडबोल्याच्या जागेवर जाऊन आले. फाटक उघडं, आत एकही गाडी नाही. ज्या खुर्चीत बसून मी भाव पाडला होता ती तेवढी उन्हात ठेवलेली.

रविवार, ३० मार्च

भावाला नाही म्हणून कळवलं. गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांना विचारून. बाबांचं मशीन पुन्हा होतं तसं करून दिलं आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. डबी, किल्ली, टोपीवाला, जोडपं, मोजा. म्हटलं, बाबा, तुम्हाला ऐकू येत होतं ते खरं होतं. गाडीत बोलणारं होतं. तुम्ही बरोबर होतात आणि मी चुकले. मी त्यांचे हात धरले होते. म्हटलं, मला माफ करा.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझा हात थोपटला, लहानपणी ताप आला की थोपटायचे तसा.

"किती करशील गं माझ्यासाठी? कुठून कुठून गोष्टी जमवून आणल्यास."

"गोष्ट नाही बाबा, पोलिसांनी सांगितलंय."

"बरं, बरं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी मीच नेली. आता आठवतंय मला. एक चढ लागतो. मी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. उजव्या हाताला लाल फाटक. मागे एक पोर बसलं होतं, मोजा काढून खेळत होतं, मी आरशात बघत होतो त्याच्याकडे. पण पुढे लावली कुठे, तेवढंच येत नाही डोळ्यांसमोर. जरा वेळ दे. आठवून सांगतो."

इतकं बारीक सांगत होते की मला तो चढ दिसला. क्षणभर, देवाशपथ, मीच विचारणार होते, मग पोराचं काय झालं?

कुलूप मी कचऱ्यात टाकलं आहे. दार सकाळपासून सताड उघडं आहे. बाबा बूट घालून दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले, तिथे थांबले आणि वळून मला विचारलं, "जाऊ का?"

जा म्हटलं. ते अजून तिथेच उभे आहेत.